लोगन डिझेल: सकाळी सेल्फ लांबतो, दुरुस्त होतो आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमची गाडी याच दुखण्याची आहे की नाही ते कळेल.

गाडी लोगन, १.५ डीसीआय डिझेल, २००९ ची. रात्रभर उभी राहिली की सकाळी पटकन चालू होत नाही. स्टार्टर जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत, पण सात-आठ सेकंद इंजिन नुसतं घरघरतं. मग एकदम पकडतं, दोन-तीन झटके खातं आणि शांत होतं. त्यानंतर दिवसभरात दहा वेळा बंद-चालू करा, अर्ध्या सेल्फवर चालू. धूर नाही, पिकअप तोच, ॲव्हरेज तेच. खाली फरशीवर डिझेलचा एक थेंब नाही, बॉनेट उघडलं तर वासही नाही.

आणि सगळ्यात छळणारी गोष्ट: दुरुस्त केलं की जातं. पंधरा दिवस, कधी महिनाभर गाडी गुणी बाळासारखी वागते. मग एका सकाळी परत घरघर. आमच्याकडे दीड वर्षात हे चार वेळा झालं. पहिल्यांदा बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा चारही हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारे). तिसऱ्यांदा डिझेल फिल्टर. चौथ्यांदा एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, ‘रेल प्रेशर लो’, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत दाब कमी, असा कोड दाखवला आणि म्हणाला, "दादा, पंप गेलाय. नाहीतर नोझल. दोन्ही काढून पंपवाल्याकडे पाठवू." त्याने सांगितलेला आकडा ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात तर अख्खी दुसरी लोगन येईल." ते काही फार चुकीचं नव्हतं.

पंप गेला नव्हता. नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल उडवणारा इंजेक्टर, तोही नाही. शेवटी जी वस्तू बदलली ती शर्टाच्या बटणाएवढी होती, आणि तिच्यासोबत वीतभर रबरी नळी.

ही गाडी डिझेल कसं पिते, ते आधी बघा

हे समजलं नाही तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. बहुतेक नव्या गाड्यांत टाकीतच एक विजेचा पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. लोगनच्या डीसीआयमध्ये तो नाही. इंजिनवरचा जो मोठा हाय प्रेशर पंप आहे, त्याच्याच पोटात एक छोटा पंप बसवलाय आणि तो पार मागच्या टाकीतून डिझेल ओढून घेतो. उसाचा रस स्ट्रॉने ओढावा तसा.

आता त्या स्ट्रॉला बारीक भोक पडलं तर काय होईल? रस बाहेर सांडणार नाही. हवा आत येईल. इथेच सगळे मेकॅनिक फसतात, मीही फसलो. आपण गळती शोधतो म्हणजे ओल शोधतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या नळीत चालू इंजिनला दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे सांध्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा गुपचूप आत जाते. गाडी चालू असताना पंप एवढं डिझेल ओढत असतो की थोडीशी हवा तो पचवतो. रात्री मात्र त्याच फटीतून हवा शिरते, नळीतला डिझेलचा स्तंभ मोडतो आणि हळूहळू टाकीकडे उतरतो. सकाळी पंपाला पहिल्यांदा हवा मिळते. रेलमध्ये पुरेसा दाब तयार होईपर्यंत गाडीचा संगणक इंजेक्टर उघडतच नाही, म्हणून ती सात-आठ सेकंदांची घरघर. स्कॅनरवर ‘रेल प्रेशर लो’ येणारच. कोड खोटा बोलत नव्हता. त्याचा अर्थ ‘पंप मेला’ असा लावला, तिथे चूक होती.

यावरून आणखी एक. ‘किल्ली ऑन करून पाच सेकंद थांबा, बंद करा, असं तीनदा करा, डिझेल भरलं जाईल’ हा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील. टाकीत पंप असलेल्या गाडीला तो लागू आहे. आपल्या गाडीत किल्ली ऑन केल्यावर डिझेल हलवणारं काहीच नाही. हीटर प्लग तेवढे तापतील.

मग दुरुस्ती पंधरा दिवस टिकते कशी

हा प्रश्न मला फार दिवस सतावत होता. उत्तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मिळालं. चौथ्या वेळेनंतर मी रोज सकाळी तारखेच्या चौकोनात तीन गोष्टी लिहायला लागलो: किती सेकंद सेल्फ, डिझेलचा काटा कुठे, आणि गाडी कुठे नि कशी उभी होती. बायको म्हणाली, दुधाचा हिशेब पण असा ठेवत नाहीस.

तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. टाकी अर्ध्याच्या वर असेल तर सकाळ चांगली. पाव टाकीच्या खाली गेलं की घरघर. गाडी घरासमोरच्या रॅम्पवर नाक वर करून लावली असेल तर सगळ्यात वाईट, आणि नाक खाली करून लावली तर पाव टाकीतही लगेच चालू. वणीला सप्तशृंगी गडावर गेलो होतो, तिथे चढावर लावली होती. दर्शन घेऊन तीन तासांनी आलो तर भर दुपारी सकाळसारखं रडगाणं. म्हणजे थंडीचा संबंधच नव्हता. टाकीतल्या डिझेलची पातळी इंजिनापेक्षा जितकी खाली, तितकं ते मागे पळायला उत्सुक.

आता दुरुस्त्यांचं कोडं सुटतं. गाडी गॅरेजला टाकायच्या आधी आणि आणल्यावर आपण काय करतो? डिझेल भरतो. काटा वर असेपर्यंत आजार लपतो. शिवाय फिल्टर बदलताना सांधे हलतात, डिझेलने भिजलेली जुनी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) नव्या जागी बसते आणि थोडे दिवस धरून राहते. मेकॅनिकला वाटतं आपण बदललेला पार्ट बरोबर होता. आपल्यालाही तसंच वाटतं, कारण पैसे दिलेले असतात. (बॅटरीचं मात्र एवढं खरं की नवी बॅटरी जोरात फिरवते, म्हणून हवा लवकर निघते. आठ सेकंदांचे पाच झाले होते.)

हीटर प्लगबद्दल एक वाक्य. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा त्यांचं काम पडतं. एरवी आपल्या हवेत हे इंजिन प्लगशिवायही पकडतं. मे महिन्यात सकाळी चालू होत नसेल तर प्लगवर संशय घेऊ नका.

तीस सेकंदांची परीक्षा

बॉनेट उघडा. फिल्टरकडे येणाऱ्या डिझेलच्या नळीवर एक रबरी फुगा दिसेल, कोंबडीच्या अंड्याहून थोडा मोठा. मेकॅनिक त्याला हँड पंप म्हणतात. फिल्टर बदलल्यावर नळी भरून घ्यायला तो दिलाय, पण रोगनिदानाला याच्यासारखं यंत्र नाही.

गाडी रात्रभर उभी राहू द्या, जमलं तर पाव टाकीवर आणि नाक वर. सकाळी किल्ली न लावता फुगा दाबा. तो लुसलुशीत लागला आणि दहा-पंधरा वेळा दाबल्यावर हळूहळू कडक झाला, तर नळी रिकामी झाली होती. आता सेल्फ मारा. अर्ध्या सेकंदात चालू झाली की निदान पक्कं: गाडी एअर पकडतेय. पंप आणि नोझल यांची चर्चा तिथेच थांबवा.

फुगा मुळातच कडक असेल, आणि दाबूनही काही फरक पडत नसेल, तर तुमचं दुखणं वेगळं आहे. त्यावर शेवटी थोडं लिहिलंय.

दाबूनदाबून फुगा कडकच होत नसेल तर दोन शक्यता. एकतर भोक बरंच मोठं आहे, किंवा फुग्याच्या आतली एकतर्फी झडप गेली आहे. हा फुगा स्वतःच पंधरा वर्षांचा असतो हे विसरू नका. इंजिनाच्या उष्णतेत रबर तडकतं. वाकवून बघा, घडीत केसासारख्या चिरा दिसतील.

हवा कुठून येते, हे अर्धं-अर्धं करून शोधायचं

इथे घाई केली की पैसे जातात. एकेक पार्ट बदलत बसू नका. नळी मधून तोडल्यासारखी समजा आणि विचारा, हवा या अर्ध्यात येते की त्या?

मी काय केलं ते सांगतो. हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर पारदर्शक नळी आणली, योग्य मापाची, आणि फिल्टर व पंप यांच्या मधल्या तुकड्यात ती लावली. फुगा दाबून भरलं, गाडी चालू केली आणि टॉर्च धरून बघत बसलो. मोहरीएवढा एखादा बुडबुडा अधूनमधून गेला तर तो मोजू नका. माझ्याकडे सोड्याच्या बाटलीसारखी सलग माळ चालली होती. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की माळ दाट. एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा चोर डोळ्यांना दिसला, त्याचा आनंद काय सांगू.

मग दुसरी पायरी. टाकीकडून येणारी नळी फुग्याच्या आधी सोडवली, तिचं तोंड बंद करून बाजूला ठेवलं, आणि तिथे एका स्वच्छ कॅनमधून डिझेल दिलं. कॅन इंजिनाच्या वरच्या पातळीवर घट्ट बांधायचा, परतीची नळी आहे तशी टाकीकडेच राहू द्यायची. आता टाकी आणि गाडीच्या पोटाखालची लांब नळी खेळातून बाहेर. बुडबुडे थांबले असते तर चोर मागे होता. थांबले नाहीत, तर तो पुढे, फुगा-फिल्टर-पंप या तीन फुटांत. एक बारकावा: कॅन वर असल्यामुळे या जागी उलट थोडा दाब येतो, म्हणून बुडबुडे कमी होऊन त्याच जागी ओल दिसू शकते. माझं तसंच झालं. महिनोन्महिने कोरडी दिसणारी फिल्टरच्या बुडाची जागा दहा मिनिटांत ओली झाली.

फिल्टरच्या तळाला पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात कुणीतरी पाणी काढलं होतं आणि स्क्रू परत बसवताना त्याची ओ-रिंग चिमटली होती. नवा फिल्टर बसवला तेव्हाही जुनाच स्क्रू त्यात लावला गेला. शर्टाच्या बटणाएवढी म्हणालो ती हीच.

ती बदलली, आणि खरं सांगायचं तर मी पेढे वाटायच्या बेतात होतो. बुडबुडे पाचाचे दोन झाले, थांबले नाहीत. दुसरी फट फुग्याच्या तोंडाशी निघाली. कंपनीतून येताना तिथे एकदाच दाबून बसवायची क्लिप असते. कुणीतरी ती काढून स्क्रूवाली क्लिप लावली होती आणि जीव खाऊन आवळली होती. क्लिपच्या पट्टीने रबर कापलं होतं. वरून बघितलं तर काही दिसत नाही, क्लिप फिरवून खालच्या बाजूला नख लावलं तेव्हा काप लागला. नळीचा तो तुकडा बदलला आणि योग्य मापाची क्लिप बेताने आवळली.

माझ्या गाडीत दोन जागा निघाल्या. तुमच्या गाडीत झटपट निघणाऱ्या प्लास्टिकच्या जोडण्यांच्या आतली ओ-रिंग असेल, इंजेक्टरवरून परत जाणाऱ्या बारीक रबरी नळ्या असतील, किंवा पोटाखाली कुठेतरी घासलेली नळी असेल. बाजारातला स्वस्त फिल्टर घेतला असेल तर त्याच्या तोंडांवर बोट फिरवून बघा. साच्यातला जोड वर राहिला असेल तर ओ-रिंग त्यावर कधीच नीट बसत नाही.

ओ-रिंग घेताना डिझेलला टिकणारी मागा. नळाच्या दुकानातली काळी रिंग डिझेलमध्ये फुगते आणि काही दिवसांत पुन्हा पहिल्यापासून. तीच गोष्ट पारदर्शक नळीची. तपासणी झाली की काढून टाका. ती पिवळी पडते, कडक होते आणि मग स्वतःच हवा ओढते.

काही गोष्टी अजिबात करू नका

फुगा न भरता मिनिट-मिनिट सेल्फ मारू नका. या हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे डिझेलच. कोरडा फिरवला की तो आतून झिजतो, धातूचा बारीक चुरा पुढे इंजेक्टरमध्ये जातो, आणि गॅरेजवाल्याने खोटी सांगितलेली दुरुस्ती खरी होऊन बसते. एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणं, धक्का मारून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून चालू करणं, हे सगळं याच कारणासाठी टाळा.

आणि हवा काढायची म्हणून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांचे नट सैल करू नका. जुन्या जीपला ते चालायचं. इथे त्या नळ्यांत दाब हजार बारच्याही वर जातो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते, आणि तो मलमपट्टीचा विषय राहत नाही, ऑपरेशनचा होतो.

फुगा कडक आहे, तरी चालू होत नाही?

तर मग हे बघा. गाडी गरम असताना, म्हणजे पेट्रोल पंपावर पाच मिनिटं थांबून परत चालू करताना नखरे करते का? सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. तो जराही हलत नसेल तर इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरवर, म्हणजे मेकॅनिक ज्याला टीडीसी सेन्सर म्हणतात त्याच्यावर संशय घ्या. तो इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, फ्लायव्हीलच्या डोक्यावर बसतो. बऱ्याचदा सेन्सर चांगला असतो, त्याच्या प्लगमधले टोक मळलेले किंवा सैल असतात. काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, सेन्सरच्या तोंडावर चिकटलेला लोखंडी चुरा पुसा, परत लावा. यात अर्धा तास जातो, खर्च स्प्रेचा.

काटा हलतोय, फुगा कडक आहे, आणि गरम असतानाच जास्त त्रास आहे, तर मात्र इंजेक्टरची परतीची चाचणी करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, गाडी काही मिनिटं चालवायची आणि पातळी बघायची. एक बाटली बाकीच्यांपेक्षा बरीच जास्त भरली तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. तो बदलला तर त्याच्यावरचा सोळा अक्षरांचा कोड संगणकात भरावा लागतो. न भरता गाडी देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

पार्ट मिळतात का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लोगन २००७ मध्ये आली, नाशिकलाच महिंद्राच्या कारखान्यात जुळली. महिंद्रा आणि रेनॉची भागीदारी २०१० मध्ये मिटली आणि पुढच्या वर्षी गाडीचं नाव व्हेरिटो झालं. म्हणून दुकानात ‘लोगन’ म्हटल्यावर पोरगा मान हलवतो, ‘व्हेरिटो’ म्हटल्यावर आतून डबा आणतो. हेच १.५ डीसीआय इंजिन डस्टरमध्ये होतं, निसानच्या सनी आणि मायक्रामध्येही होतं. पण इंजिन एक म्हणजे डिझेलच्या नळ्या आणि सेन्सर एकच असं धरू नका. जुना पार्ट हातात घेऊन जा, त्यावरचा नंबर जुळवा. फुगा नि नळ्या जुन्या गाडीतून काढलेल्या घेऊ नका, रबर तेवढंच म्हातारं असतं. आरसा, दिवा, दाराचं हँडल असलं काही हवं असेल तर कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात चक्कर टाका. आरसा तर डावा-उजवा एकच, खर्च वाचवायला तसाच बनवलाय, त्यामुळे शोध अर्धा झाला.

आमच्या गाडीला १५ वर्षं झाली तेव्हा आरटीओत पासिंग करून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी केली, त्याची फी तेव्हा ५००० रुपये होती. विकायला काढली तर फार येणार नाहीत. पण डिकी ५१० लिटरची आहे आणि आईचे गुडघे त्या उंच सीटवर न कुरकुरता बसतात. ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यातली प्यूजो ३०९ गाडी होती त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

बरी झाली हे कसं ठरवायचं

डिझेल भरून ठरवायचं नाही, एवढं तर आता कळलंच असेल. काटा पावच्या खाली जाऊ द्या, पण रिझर्व्हचा दिवा लागण्याइतका नाही. सलग तीन रात्री नाक वर करून लावा. सकाळी फुग्याला हात लावायचा नाही, थेट सेल्फ मारायचा.

मी पहिल्या सकाळी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून बसलो होतो. बटण दाबेपर्यंत गाडी चालू झाली होती, म्हणून चौकोनात काय लिहावं कळेना. शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी बाबा मला न विचारता डिझेल भरून आले.